ज्यांना विचारायचं राहिलं

माझं माहेर पैनगंगेच्या पलीकडच्या काठाला, वऱ्हाडात. सासर अलीकडच्या काठाला, हिंगोलीच्या बाजूला. उन्हाळ्यात उतारावरून गुडघाभर पाणी तुडवलं की अर्ध्या तासात मी सासरहून माहेरी पोचत असे. पण त्या काळी वऱ्हाड इंग्रजांकडे होतं आणि आमच्या सासरचा मुलूख निजामी राज्यात. वऱ्हाडातली माणसं त्याला मोगलाई म्हणत. म्हणजे डोक्यावर गाठोडं घेऊन मी अर्ध्या तासात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होते, आणि लहान होते तेव्हा मला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं.

माझे वडील पलीकडच्या गावात शाळामास्तर होते. मी सात वर्षांची असताना आई गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. त्यांनी मला वाचायला शिकवलं, भाकरी करायला शेजारणीनं शिकवलं. संध्याकाळी जेवताना बाबांच्या मनात जे असेल ते ऐकायला मीच असायची. वाशीमहून ते पुस्तकं आणत. त्यांतलं एक बारीकसं इंग्रजी पुस्तक परत करायचं ते महिनोन्‌महिने टाळत राहिले आणि शेवटी त्यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन विचारवंताचं ते लिखाण. राज्याराज्यांत कायमची शांतता कशी येईल, हा त्याचा विषय.

“लढाया का होतात माहीत आहे?” बाबा मला विचारायचे. मी दहा-अकरा वर्षांची. “राजाला लढाई करायला काही लागत नाही. त्याचं ताट तसंच राहतं. त्याची शिकार चुकत नाही. पण ज्याचं पोरगं मरणार, ज्याचं शेत तुडवलं जाणार, त्याला विचारून लढाई करायची असं ठरलं तर? तो दहादा विचार करील. आणि अशी विचारून चालणारी राज्यं एकमेकांशेजारी आली, त्यांनी आपसात करार केला, तर हळूहळू लढाई थांबेलच.”

“आपल्याला कोण विचारतं?” मी म्हटलं होतं.

बाबा हसले. “अजून कोणी नाही.”

त्यांच्या या विचारांना गावातली माणसं मान डोलवत आणि विसरून जात. पण मग नदीच्या पात्रात दोन माणसं मेली.

पैनगंगा दर पावसाळ्यात पात्र थोडं हलवते. पाणी ओसरलं की मधे गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात टरबुजं, वाळकं, वांगी फार छान येतात. एखाद्या वर्षी ती जमीन या काठाला चिकटलेली असते, एखाद्या वर्षी त्या. ती कोणाची, यावरून दोन्ही गावांत आजोबांच्या काळापासून कुरबूर होती. त्या वर्षी काठ्या-कुऱ्हाडी निघाल्या. माझ्या माहेरच्या गावचा एक आणि पलीकडच्या निजामी गावचा एक, असे दोघे डोकं फुटून गेले. माहेरच्या बाजूचे पोलीस पाण्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. तिकडचे पोलीसही पाण्यापर्यंत आले आणि थांबले. त्यांना पुढे यायचा अधिकार नव्हता. महिनाभर दोन्ही गावांत बायका एकट्या नदीवर जायला भीत होत्या.

बाबा तेव्हा एक दिवस शाळा सोडून सरळ नदी ओलांडून गेले. त्या गावात ज्यांचा शब्द चालत असे अशा एका शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले. हेच पुढे माझे सासरे झाले. त्यांना मी मामाजी म्हणे. त्या दिवसाची गोष्ट मामाजींनीच मला पुष्कळदा सांगितली.

“तुजा बाप आला. पाणी पेला. अन् म्हनला, आपल्या दोन गावांच्या वर कचेरी न्हाई. तुमची कचेरी आमाला बोलवू शकत न्हाई, आमची तुमाला न्हाई. मंग आपनच आपली कचेरी होऊ.”

बाबांनी मांडलं ते असं. गाळाच्या जमिनीत कोणी काठी-कुऱ्हाड घेऊन उतरायचं नाही. जुनं भांडण पोटात ठेवून वरवर गोड बोलायचं नाही. आहे ते आता सगळं बोलून टाकायचं. नदी ओलांडून कोणीही आलं तर त्याला पाणी द्यायचं, ओट्यावर टेकू द्यायचं, तो शत्रू नाही असं धरून चालायचं. आणि यातूनही भांडण आलंच, तर चार तरण्या पोरांनी ठरवून निघायचं नाही. दोन्ही गावांनी आपापल्या मारुतीच्या देवळात मडकं ठेवायचं. प्रत्येक घरानं दोन दाणे टाकायचे, एक घरातल्या पुरुषानं, एक बाईनं. भांडण नको असेल त्यानं ज्वारीचा, हवं असेल त्यानं उडदाचा. हात फडक्याखाली घालायचा, कोणाला दिसणार नाही असा. मग मोजायचं.

“बायका काहून?” मामाजींनी विचारलं. “त्या काय काठ्या घिऊन येनार हायत?”

“मेलेला माणूस घरी आणतात तेव्हा घरात त्याच असतात,” बाबा म्हणाले.

मामाजींनी हे मान्य केलं. पण एका गोष्टीवर दोन्ही गावं अडली. गावकुसाबाहेरच्या वस्तीनं आणि टेकाडावरच्या तांड्यानं दाणे टाकायचे की नाही? बाबांचं म्हणणं, टाकायचे. काठ्या चालवायला त्यांनाच पुढे करता ना? आठ दिवस वाद झाला. शेवटी तोड निघाली ती अशी की त्यांच्यासाठी देवळाबाहेर, चिंचेखाली, वेगळं मडकं ठेवायचं. बाबांनी ते मान्य केलं. करार मोडू नये म्हणून मान्य केलं. घरी आले तेव्हा जेवले नाहीत. “आज थोडं सोडलं तर उद्या पुढचं मिळेल,” असं मला म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

आणखी एक अट होती. ती मला लग्नानंतर कळली. मामाजी म्हणाले होते, “मास्तर, तुमी गोड बोलता. पर तुमची पोरगी आमच्या गावात द्या, मंग आमचा भरोसा बसंल.”

माझं लग्न पंधराव्या वर्षी झालं. मी बाबांना विचारलं होतं, मला मोगलाईत का देता? ते म्हणाले, मुलगा चांगला आहे. ते खोटं नव्हतं. माझे मालक खरोखरच चांगले होते. कमी बोलत. बैलांशी जास्त बोलत. मी वाचते याचं त्यांना फार कौतुक होतं. गोरेगावच्या बाजारातून सामान बांधून आलेला छापील कागदही ते घडी घालून मला आणून देत. आम्हाला मूल झालं नाही, त्यावरून त्यांनी मला कधी दुखवलं नाही. पण त्या अटीचं कळलं तेव्हा मी बरेच दिवस बाबांशी नीट बोलले नाही. माझ्यावर त्यांचा जीव होता हे मला माहीत होतं. त्या वहीवरही होता.

दोन गावांत मात्र शांतता राहिली. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी पात्र पुन्हा हललं, पोरं पुन्हा तापली आणि पहिल्यांदा मडकं निघालं. फडक्याखाली हात घालायला मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे माझी चुलत सासू होती, आयुष्यात तिला कोणी काही विचारलं नव्हतं. तिनं दाणा टाकला आणि डोक्यावरचा पदर सावरून सरळ चालत गेली, जशी नव्या बांगड्या भरून आली असावी. दोन्ही गावांत मोजलं. उडीद ओंजळीच्या तळालाही पुरले नाहीत. जमीन अर्धी-अर्धी झाली. बाबा त्या दिवशी नदीच्या पाण्यात उभे राहून लहान मुलासारखे हसत होते.

मग युरोपात लढाई पेटली. बाबांकडे आठवड्याचा जुना पेपर येई. मी माहेरी गेले की ते मला वाचून दाखवत. एकदा मधेच थांबले. त्या विचारवंताचा देशच सगळ्या जगाला आग लावत होता, आणि त्या देशातल्या लोकांनी मतं देऊन ती माणसं वर आणली होती.

“मग तुमचं गणित चुकलं का, बाबा?” मी विचारलं. मनात थोडा जुना रागही होता.

बाबांनी ती बातमी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “एकदा विचारलं आणि पुन्हा कधी विचारायचं नाही असं ठरवलं, तर ते विचारणं नव्हे. तिथं तसं झालं.” आणि पेपर घडी करून ठेवला. त्यांचा चेहरा एखाद्या नातेवाइकाची वाईट बातमी आल्यासारखा झाला होता.

नदीवर सासरच्या बाजूला करोडगिरीचा नाका होता. कापूस, मीठ, कापड जे काही इकडून तिकडे जाई त्याची तपासणी तिथे होई. नाक्यावर एक वयस्कर मुसलमान शिपाई होते. आमच्याच गावच्या टोकाला त्यांचं घर. मी त्यांना चाचा म्हणे. माझं गाठोडं त्यांनी बारा वर्षांत एकदाही उघडायला लावलं नाही. “जाव बेटी, मास्टर राह देखते होंगे,” एवढंच म्हणायचे. त्यांच्या घरच्या बाईकडून, चाचीकडून, मी सुपाऱ्या कातरायला शिकले होते. मडकं निघालं त्या वर्षी त्या दोघांनीही मारुतीच्या देवळाच्या पायरीवरून हात आत घालून दाणे टाकले होते.

सत्तेचाळीस साली पलीकडचा काठ स्वतंत्र देशात गेला. सासरचा काठ निजामाकडेच राहिला. आता नदी दोन देशांमधे वाहू लागली आणि दर महिन्याला काहीतरी वाईट ऐकू येऊ लागलं. निजामाच्या बाजूचे, वर्दीतले हत्यारबंद लोक आमच्या काठाला गावोगाव फिरत होते. कळमनुरीकडच्या गावांतून गाड्या भरून माणसं वऱ्हाडात पळत होती. बाबांच्या गावात अशा पळून आलेल्या तरुणांची छावणी बसली. शाळेचे दोन्ही वर्ग त्यांनी घेतले आणि बाबा लिंबाखाली शिकवू लागले. त्या तरुणांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांची घरं जळली होती. एकाच्या बहिणीचं जे झालं ते मी इथे लिहीत नाही. त्यांचा राग खोटा नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या काठावरचा नाका उडवायचं ठरवलं. त्यासाठी त्यांना गावाची साथ हवी होती. परत आल्यावर लपायला घरं, भाकरी, वाट दाखवायला माणसं. बाबा म्हणाले, गावाला विचारल्याशिवाय हे करता येणार नाही, आपला करार आहे. छावणीच्या म्होरक्यानं ते मानलं. तो शिकलेला होता. म्हणाला, विचारा.

दोन दिवसांनी बाबा आमच्या घरी आले. हातात पिशवी होती, कपड्यांची. मामाजी आणि मालक ओट्यावर बसले होते. मी दाराशी उभी.

“उडीद जास्त निघाले,” बाबा म्हणाले.

मामाजींनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

“चिंचेखालचं मडकं?” मीच विचारलं.

बाबांनी खाली बघितलं. “त्यात जवळजवळ सगळी ज्वारी होती. मला दिसत होती. पण मोजलं नाही. म्हणाले, ते बाहेरचं मडकं आहे, ते धरायचं असं कुठं ठरलं होतं? मोजलं असतं तर अगदी काठावर आलं असतं.”

मामाजींनी मग अगदी हळू विचारलं, “मास्तर, नाका उडवला की वर्दीवाले कुनाच्या गावात येतीन?”

“तुमच्या.”

“मंग आमाला कोनी इचारलं?”

बाबा पिशवीच्या बंदाची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत राहिले. तिकडच्या लोकांनी अगदी नीट, नियमानं, बायकांना धरून विचारून ठरवलं होतं. आणि जे ठरवलं होतं त्याची आग आमच्या अंगणात पडणार होती. बाबांच्या वहीत या गोष्टीसाठी पान नव्हतं.

“मी इथेच राहतो,” शेवटी ते म्हणाले. “त्यांचा एक माणूस इकडे आहे हे त्यांना माहीत असलं तर कदाचित थांबतील.”

मालक उठले, त्यांची पिशवी घेतली आणि आत खुंटीला टांगली.

मी दुसऱ्या दिवशी घागर घेऊन नाक्यावरून गेले. चाचा सावलीत बसून पागोट्याचं टोक शिवत होते. मी सगळं सांगू शकत नव्हते. माहेरच्या माणसांचा जीव माझ्या जिभेवर होता. डोळे पुसत मी एवढंच म्हटलं, “चाचा, चार रोज सुट्टी घ्या. घरी राहा.”

त्यांनी सुई थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं. “छुट्टी कौन देता बेटी?” ते म्हणाले. “और हम गए तो ये कुर्सी पे किसी और को बिठाएँगे.” मग घागरीला हात लावून ती माझ्या डोक्यावर ठेवायला मदत केली.

बाबा आमच्याकडे आहेत हे तिकडे ठाऊक होतं. ते थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी नाक्यावर गोळ्या वाजल्या. चाचा आणि दुसरा एक तरुण शिपाई, दोघं गेले. नाक्याचं छप्पर संध्याकाळपर्यंत जळत होतं. मामाजी आणि बाबा चाचांच्या घरी गेले. मी गेले नाही. त्या बाईच्या समोर जायची माझी हिंमत झाली नाही.

चार दिवसांनी वर्दीवाले आले, लॉरीतून, सकाळी. कडब्याच्या गंज्या पेटवल्या. सगळ्या पुरुषांना मारुतीसमोर बसवलं. वाट कोणी दाखवली, हे विचारत ते एकेकाला मारत होते. वाट आमच्या गावातल्या कोणीच दाखवली नव्हती. मग कोणीतरी भीतीपोटी बोलून गेलं की ह्याची बायको पलीकडची आहे. कोण बोललं ते मी कधी शोधलं नाही.

त्यांनी माझ्या मालकांना उभं केलं. तेव्हा बाबा घरातून धावत गेले. मी दाराच्या फटीतून पाहत होते. “पलीकडचा मी आहे,” ते ओरडत होते. “मला घ्या. त्यांच्या गावचा मी आहे. ह्याचा काही संबंध नाही.” एकानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या कानशिलावर मारला. बाबा पडले. मालकांना आणि आणखी दोघांना त्यांनी लॉरीत चढवलं. चढताना मालकांनी घराकडे पाहिलं नाही, गोठ्याकडे पाहिलं. बैल सोडलेले नव्हते आणि गंजी शेजारीच जळत होती. मी धावत जाऊन बैल सोडले. मला अजून वाटतं, त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

तिघांना नदीच्या वरच्या अंगाला, झुडपांत मारून टाकलेलं होतं.

गावातली निम्मी माणसं त्या आठवड्यात नदी ओलांडून गेली. मामाजी आले नाहीत. “माजं पोरगं हितं हाय,” म्हणाले. त्यांनी मला मात्र जायला लावलं. एका कानानं बहिरे झालेल्या बाबांचा हात धरून मी माहेरी आले.

माहेरच्या गावानं मला जे दिलं ते मी विसरू शकत नाही. रोज कोणी ना कोणी ताट झाकून आणत असे. बायका येऊन माझं डोकं मांडीवर घेत. आणि प्रत्येकीच्या मांडीवर डोकं ठेवताना मला एकच विचार येई, की हिनं काय टाकलं असेल? हात फडक्याखाली होता. बाबांनी केवढ्या हौसेनं तो नियम केला होता.

शेजारची बाई, जिनं मला भाकरी शिकवली, ती एक दिवस माझ्याजवळ बसली आणि न विचारताच म्हणाली, “मी उडीद टाकला व्हता.”

मी पाट सरकवून तिच्याकडे वळले.

“मह्या बहिनीचं घर जाळलं वं तिकडं. सगळं डोळ्यापुढं व्हतं मह्या. तुह्यावर येईन असं मले वाटलं न्हाई. मले काहीच वाटलं न्हाई. नुसता राग व्हता.”

मी तिला काय म्हणणार होते? तिला विचारलं होतं आणि तिनं मनापासून उत्तर दिलं होतं. मी उठून चुलीपुढे जाऊन बसले. ती बराच वेळ तिथेच बसून राहिली आणि मग गेली. दुसऱ्या दिवशी तिचं ताट आलंच.

बाबा लिंबाखाली जात, पण शिकवत नसत. पोरं पाढे म्हणत, ते ऐकू येणारा कान तिकडे करून बसून राहत.

पावसाळा संपता संपता भारताचं लष्कर मोगलाईत शिरलं आणि पाच दिवसांत ते राज्य संपलं. माहेरच्या गावात गुलाल उडाला. नदीच्या दोन्ही बाजूंना आता एकच देश होता. छावणीतली पोरं आपापल्या जळक्या घरांकडे निघाली, एक जण जाताना बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या सासरच्या बाजूला उलटं सुरू झालं. वर्दीवाले पळून गेले होते, मारायला सापडत नव्हते. सापडत होते ते त्यांच्या धर्माचे शेजारी.

भरल्या नदीतून डोंग्यानं दोन बायका आल्या. चाचांची विधवा आणि हैदराबादला असलेल्या तिच्या मुलाची बायको, त्या सुनेच्या कडेवर चार-पाच महिन्यांचं लेकरू. डोंगेवाल्यानं त्यांना काठावर उतरवलं आणि तो निघून गेला. त्या तीन ओट्यांवरून उठवल्या गेल्या आणि शेवटी आमच्या दारात आल्या. त्यांना दुसरं कोणाचं घर माहीत नव्हतं. सून ओल्या लुगड्यात होती. लेकरू रडत नव्हतं, नुसता आवाज काढत होतं.

बाबा आत होते. मी त्यांना हाताला धरून दारापर्यंत आणलं. त्यांनी पाहिलं आणि माझ्याकडे वळले. “हे घर तुझंही आहे,” ते म्हणाले. “तू ठरव.”

“तुम्हीच सांगा ना.”

“नाही. मी सांगून चालणार नाही. नवरा तुझा गेलाय.”

मला लिहायला लाज वाटते, पण मी लगेच या म्हटलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे लॉरी होती. मी त्या बाईकडे बघत होते आणि तिच्या नवऱ्याची माणसं माझ्या मालकांना चढवत होती, असंच मला वाटत होतं. आणि ती माझ्याकडे बघत होती. माझ्या माहेरच्या माणसांनी तिचा नवरा मारला होता आणि मला ते आधी माहीत होतं. ती खाली बसली नाही, हातही जोडले नाहीत. तशीच उभी राहिली. शेवटी लेकराची मान सुनेच्या खांद्यावर पडली, तेव्हा मी म्हटलं, “आत या.”

थोड्या वेळानं चार माणसं आली. दारातूनच म्हणाली, मास्तर, कोणाला घरात घेतलंत?

“आम्ही घरात विचारून घेतलंय,” बाबा म्हणाले. “दोघंच आहोत. दोघांचं एकच पडलं.”

माणसं थोडा वेळ पुटपुटत उभी राहिली आणि गेली. शेजारीण मागच्या दारानं शेळीचं दूध ठेवून गेली.

त्या अकरा दिवस आमच्याकडे होत्या. चाची आणि मी एका चुलीपाशी बसत होतो. पहिले काही दिवस कामापुरतं बोललो. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, “त्यांनी मला सांगितलं होतं. मास्टरची पोरगी सुट्टी घ्या म्हणत होती.” तिनं पुढची जुडी सोडली. “मी म्हटलं, घ्या की मग. तर म्हणाले, ती रडत होती, म्हणजे काहीतरी खरं आहे. पण कोणाला विचारू?” एवढं बोलून तिनं निवडलेली भाजी धुवायला घेतली. मला तिनं माफ केलं की नाही, हे त्यातून मला कळलं नाही. पाणी उतरल्यावर त्यांचा एक नातेवाईक आला आणि त्यांना हिंगोलीला रेल्वेवर घेऊन गेला. हैदराबादला चाललोय, असं सून म्हणाली. पुढे त्यांचं काय झालं ते कळलं नाही.

दिवाळीनंतर निरोप आला की मामाजी अंथरुणाला खिळलेत आणि घरात कोणी नाही. मी जायचं ठरवलं. बाबांनी अडवलं नाही. पोचवायला मात्र आले नाहीत. “मी तिथे येऊ शकत नाही,” म्हणाले. “अजून नाही.”

मामाजी फार वाळले होते. गोठ्यातले बैल त्यांनी तांड्यावरच्या एका माणसाकडे सांभाळायला दिले होते. मी घर झाडलं, चूल पेटवली, त्यांना कढी पाजली. सातआठ दिवसांनी ते उठून ओट्यावर बसायला लागले. एक दिवस मी दळण पाखडत होते, तेव्हा ते बोलले.

“तुजा बाप लई दिवस आला न्हाई.”

“त्यांना येववत नाही, मामाजी.”

“त्याला म्हनावं, तू वाईट मानूस न्हाईस.” ते थांबले. धाप लागली होती. “आमाला इचारायचं त्यानंच शिकवलं. आमच्या बायकांस्नीबी शिकवलं. अन् आमचा जीव जायची येळ आली तवा त्याच्याच गावानं आमाला इचारलं न्हाई. एवढंच मला सलून राहिलं.”

मी सूप खाली ठेवलं. त्यांना माझ्याकडून उत्तर नको होतं. ते उन्हात डोळे मिटून बसले.

बाबांना मी त्या हिवाळ्यात तीन-चार पत्रं लिहिली. मामाजी बरे आहेत, तूर चांगली आहे, बैल परत आणले, असं सगळं लिहिलं. ओट्यावरचं ते बोलणं लिहिलं नाही. मी लिहावं असं काही त्यात नव्हतंच. गेल्या उन्हाळ्यापासून बाबा मामाजींच्या त्या एका प्रश्नाशिवाय दुसरं काही ऐकतच नव्हते.